‘पैसे घेतले, हम तसाच’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. गिटारच्या दुरुस्तीबद्दलचा तुमचा एका ताऱ्याचा रिव्ह्यू वाचला. तक्रारी चार आहेत: शिल्डिंग (बाहेरचा विद्युत आवाज अडवणारं धातूचं अस्तर) करूनही हम (सततचा घुमारा) येतो, सांगूनही पिकअप (तारांची कंपनं टिपणारे चुंबक आणि कॉइल) बदलले नाहीत, ॲक्शन (तारांची नेकपासूनची उंची) कमी मागितली तर उंच ठेवली, आणि ‘1962 च्या स्ट्रॅट’चे, म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचे, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासून टाकले. जॉब कार्ड समोर ठेवूनच लिहितोय. उत्तर जरा लांबलंय, कारण जुनी स्ट्रॅट घेऊन येणारे बरेच जण हेच विचारतात.

आधी गिटारविषयी. ती 1962 ची नाही. नेकच्या मागे ‘मेड इन जपान’ आणि ‘ई’ने सुरू होणारा सीरियल नंबर आहे, म्हणजे 1984 ते 1987 च्या दरम्यानची. फेंडर जपान 1982 मध्ये सुरू झाली आणि मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात 1962 च्या नमुन्यावर ही मॉडेलं निघाली. नावातला 62 तो. गिटार उत्तम आहे, फक्त तिची मापं मेट्रिक आहेत आणि तिथेच बहुतेक घोळ होतात. सॅडलच्या (तारेची उंची ठरवणाऱ्या ब्रिजवरच्या तुकड्यांच्या) एम 3 स्क्रूंना 1.5 मिलिमीटरची ॲलन की लागते. आमच्याकडे येण्याआधी कुणीतरी 1.27 ची अमेरिकन की घालून जोर लावला होता, त्यामुळे आठ स्क्रूंची भोकं आतून गोल झाली होती आणि घामाच्या गंजाने स्क्रू जागीच धरले होते. बाराही काढून स्टेनलेसचे बसवले. बाजारात सहज मिळणारा अमेरिकन स्क्रू 2.84 मिलिमीटरचा, आटेही वेगळे. तो इथे ढिला बसतो आणि सॅडलचे आटे खातो.

पॉटचंही (नॉबखालच्या, आवाज आणि टोन कमी-जास्त करणाऱ्या भागाचं) तेच. टोनचे दोन्ही पॉट कॉन्टॅक्ट क्लीनरने मोकळे झाले. व्हॉल्यूमचा कार्बन ट्रॅक झिजला होता, म्हणून तेवढाच बदलला, 250 किलोओहमचा आणि मेट्रिकच. तुम्ही म्हणत होतात तो सीटीएस कंपनीचा पॉट बसवायचा तर पिकगार्डचं (गिटारच्या पुढच्या प्लेटचं) भोक साडेनऊ मिलिमीटरपर्यंत वाढवावं लागतं, शिवाय त्याचा दांडा 24 दातांचा, तुमचा मूळ नॉब 18 दातांचा. तुम्हाला दिलेल्या पुडीला तुम्ही ‘भंगार’ म्हटलंय. त्यात तुमचा जुना पॉट आणि जुने स्क्रू आहेत. टाकू नका. उद्या गिटार विकायची झाली तर घेणारा मूळ पार्ट मागतोच.

आता हम. सिंगल कॉइल (प्रत्येक पिकअपमध्ये एकच कॉइल असलेल्या) गिटारमध्ये दोन वेगळे आवाज असतात आणि त्यांचे इलाजही वेगळे आहेत. पहिला बझ: चुरचुरीत, टोकदार, तारांना हात लावला की कमी होणारा. एलईडी ट्यूबचा ड्रायव्हर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इन्व्हर्टर यांचं विद्युत क्षेत्र गिटारमधल्या उघड्या वायरी पकडतात, त्याचा हा आवाज. दुसरा हम: 50 हर्ट्झचा जाड घुमारा. तो ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रामुळे थेट कॉइलमध्ये तयार होतो. तांब्याच्या पट्टीने बझ जातो. हमला मात्र ती पट्टी असून नसल्यासारखी, कारण इतक्या कमी फ्रिक्वेन्सीचं चुंबकीय क्षेत्र इतक्या पातळ तांब्यातून सरळ आरपार जातं. ‘बझ जाईल, हम राहील’ हे कार्डावर लिहिलंय आणि खाली तुमची सही आहे.

शिल्डिंग काय केलं तेही सांगतो. पिकअपची आणि कंट्रोलची पोकळी, जॅकचा खळगा आणि पिकगार्डची मागची बाजू, सगळीकडे तांब्याची पट्टी लावली. पट्टीवर पट्टी चढते तिथे ठिपक्या-ठिपक्याने सोल्डर दिलं, कारण नुसत्या गोंदावरचा संपर्क एक-दोन पावसाळ्यांत तुटतो. मीटरवर कुठल्याही दोन टोकांत एक ओहमच्या आत रीडिंग होतं. जॅकच्या खळग्यात तांब्यावर इन्सुलेशनची टेप आहे. ती कृपया काढू नका. जॅकचं टोक तांब्याला टेकलं की गिटार एकदम मुकी होते.

घरी पाच मिनिटांत तपासता येईल. ॲम्प चालू ठेवून तारांना हात लावा. आवाज कमी झाला तर बझ शिल्लक आहे, आणि ते आमचं काम. मग ॲम्पपासून दोन मीटर लांब बसून गिटारसकट हळूहळू वळा. एका दिशेला आवाज जवळजवळ नाहीसा झाला तर तो चुंबकीय हम.

पिकअप बदलले नाहीत, कारण तिघेही धडधाकट आहेत: 5.6, 5.7 आणि 5.8 किलोओहम. कॉइल तुटली असती तर मीटरने रीडिंगच दाखवलं नसतं. त्यांच्या जागी कितीही महागडे साधे सिंगल कॉइल घातले तरी हम तेवढाच राहिला असता. पूर्ण आकाराच्या हंबकरसाठी (हम मारणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपसाठी) लाकूड कोरावं लागतं, आणि चाळीस वर्षांच्या बॉडीवर राऊटर फिरवला की परतीची वाट नाही. एकावर एक कॉइल असलेले नॉइजलेस पिकअप त्याच मापात बसतात, पण वरची झिलई थोडी कमी होते. तुम्ही क्लीन टोनवर जास्त वाजवता, तुम्हाला ते आवडेल असं वाटत नाही.

त्यापेक्षा बरा आणि स्वस्त उपाय आहे. तुमच्या गिटारचे तिन्ही पिकअप एकाच दिशेने गुंडाळलेले आणि एकाच ध्रुवाचे आहेत, म्हणून स्विचच्या 2 आणि 4 नंबरवरही (जिथे दोन पिकअप एकत्र वाजतात) हम जात नाही. मधल्या पिकअपचे सहा चुंबक जोरदार निओडिमियमने उलटे भारायचे आणि त्याच्या दोन वायरींची अदलाबदल करायची. तारांचा आवाज एकमेकांत मिळून राहतो, हम मात्र एकमेकांना खाऊन टाकतो. नव्याने भारलेला पिकअप किंचित जोरात बोलतो, तो अर्ध्या मिलिमीटरने खाली घ्यायचा. कॉइलचं बाहेरचं टोक आता गरम, म्हणजे सिग्नलच्या, बाजूला येतं, म्हणून हे काम शिल्डिंग नसलेल्या गिटारमध्ये करू नये. तुमच्यात ते आहेच. नंतर परत मूळ स्थितीत आणता येतं. 1, 3 आणि 5 वर हम राहीलच, हे आत्ताच सांगून ठेवतो.

ॲक्शन. तुम्ही बाराव्या फ्रेटवर 1.2 मिलिमीटर मागितलीत. तुमच्या फ्रेटबोर्डची त्रिज्या सव्वासात इंच आहे, म्हणजे मधला फुगवटा बराच. कडेची पहिली तार बेंड केली (आडवी ताणून सूर चढवला) की ती या फुगवट्यावर चढते, पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर तिथेच मरतो. 1.2 वर लावून पाहिलं, बाराव्या ते पंधराव्या फ्रेटमधला पूर्ण सुराचा बेंड गुदमरत होता. म्हणून बाराव्यावर जाड तारेला 1.8 आणि पातळ तारेला 1.6 ठेवली, रिलीफ (नेकचा हलका बाक) 0.3. या त्रिज्येसाठी फेंडरचं स्वतःचं माप सतराव्या फ्रेटवर जाड तारेला 5/64 इंच, म्हणजे साधारण 2 मिलिमीटर, आणि पातळ तारेला 4/64 इंच, म्हणजे साधारण 1.6 मिलिमीटर आहे. बेंड अजिबात करणार नसाल तर सांगा, दीड मिलिमीटरची चावी मारायला वेळ लागत नाही.

फ्रेट ‘घासले’ कारण पहिल्या पाच फ्रेटवर पातळ तारांखाली खड्डे होते, सर्वांत खोल 0.25 मिलिमीटर. नेक सरळ करून, मार्करने रंगवून, खड्डा जाईपर्यंतच लेव्हल केले, मग माथा गोल करून 2000 नंबरच्या पेपरपर्यंत पॉलिश. स्टील वूल वापरत नाही, त्याचा चुरा पिकअपच्या चुंबकांना चिकटून बसतो. आता उंची 0.8 आहे, अजून एक हलकी लेव्हल निघेल. 1.2 ची ॲक्शन आणि बेंड दोन्ही हवेत, तर वरच्या फ्रेटवर त्रिज्या साडेनऊ इंचांपर्यंत चपटी करावी लागेल. त्यात मधून जवळजवळ 0.4 मिलिमीटर जातं. एवढा माल या फ्रेटमध्ये नाही. नवे फ्रेट टाकाल तेव्हा ते करू.

एक शंका तुमच्या घरच्या वायरिंगची आहे. फोटोत ॲम्प दोन पिनांच्या एक्स्टेंशनवर दिसतोय. अर्थिंग नसेल तर गिटारमधलं सगळं शिल्डिंग ॲम्पच्या चॅसीपाशी येऊन थांबतं, बझ परत येतो, आणि माइकला ओठ लागला की झटका बसू शकतो. आधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या.

तपासणीचे पैसे घेणार नाही. तारांना हात लावल्यावर आमच्या बाकावर बझ कमी होताना दिसला, तर शिल्डिंगची रक्कम तिथल्या तिथे परत करू. मधल्या पिकअपचं काम करायचं ठरलं तर अर्ध्या दिवसात होतं, सोमवार सोडून कधीही या. येताना तुमची नेहमीची केबल आणि ती एक्स्टेंशनसुद्धा घेऊन या.