क्रेब्ज चक्र पाठ होतं, पण कळतं का?

चार वर्षांची पदवी, शेवटच्या वर्षी संशोधन आणि त्यासाठी यंत्रं कुठून आणायची, ही नव्या शैक्षणिक धोरणावरची महाराष्ट्रातली चर्चा मी इंग्लंडात शेफिल्डला बसून वाचते. मला वाटतं, जीवशास्त्राच्या मुलांना चौथ्या वर्षापर्यंत ताटकळत ठेवायचं कारणच नाही. पेशीचा चयापचय पहिल्याच वर्षी प्रयोगातून शिकवता येतो.

याच शहरात १९३७ साली हान्स क्रेब्ज यांनी सायट्रिक आम्लाचं चक्र, म्हणजेच क्रेब्ज चक्र मांडलं: पेशी अन्नातून ऊर्जा काढते त्यातल्या रासायनिक टप्प्यांचं चक्र. साधनं काय होती? कबुतराच्या छातीच्या स्नायूचा लगदा, किती ऑक्सिजन खर्च झाला ते मोजणारं मॅनोमीटर आणि चक्रातला एक टप्पा अडवणारं मॅलोनेट. टप्पा अडला की त्याच्या आधीचं संयुग, सक्सिनेट, साचतं आणि वाट कुठून कुठे जाते ते उलगडतं. आपला बी.एस्सी.चा विद्यार्थी सगळे टप्पे बिनचूक लिहितो, पण ते कसे शोधले हे त्याला व्हायवातही कोणी विचारत नाही.

इथे मी पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स घेते. बेकरीचं यीस्ट, कोमट पाणी, वेगवेगळ्या साखरा आणि बाटलीच्या तोंडाला फुगा. ग्लुकोज खाऊन यीस्ट वायू सोडतं आणि फुगा भरतो. दुधातल्या लॅक्टोजवर तो तसाच लोंबत राहतो, कारण ती साखर फोडणारं विकर या यीस्टकडे नाही. मग मुलं औषधाच्या दुकानात मिळणारे लॅक्टेजचे, म्हणजे त्याच विकराचे थेंब घालतात आणि वायू येऊ लागतो. पण तेवढ्याच ग्लुकोजच्या मानाने कमी! का? लॅक्टोज फुटून निम्मं गॅलॅक्टोज होतं आणि ग्लुकोज असेपर्यंत यीस्ट त्याला हात लावत नाही. हे उत्तर मुलं आपसांत भांडून काढतात, तेव्हा मला फार आनंद होतो.

यातलं सगळं साताऱ्यात किंवा लातुरातही मिळतं. विद्यापीठांचे पैसे इथेही आटलेत, तरी असा प्रयोग परवडतो. आपल्याकडे अडतं ते सर्टिफाइड जर्नलपाशी, म्हणजे शिक्षकाची सही लागणाऱ्या प्रयोगवहीपाशी. अपेक्षित आकडा आला तर गुण, म्हणून मुलं आधीच्या बॅचचा आकडा उतरवतात. परीक्षेत नाव न लिहिलेली साखर द्या आणि तर्काला गुण द्या.

दुसरी अडचण तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची. द्रावणं करणं, यीस्ट जिवंत आहे का ते आदल्या दिवशी पाहणं, याला वेळ लागतो. तो वेळ त्यांच्या मानधनात धरायलाच हवा.