माझे सहकारी श्री. एन. ए.

आज सकाळी प्रार्थना संपता संपता मोबाईल वाजला. वरून मेमो. ‘आपल्या शाळेतील शिक्षक श्री. एन. ए. हे सहयोगी अध्यापनाच्या कार्यशाळेस पूर्वसूचना न देता गैरहजर राहिले. तरी मुख्याध्यापक या नात्याने तीन दिवसांत खुलासा सादर करावा.’

मुख्याध्यापक मीच. शिक्षकही मीच. कारकून, घंटा आणि पावसात गळक्या कौलाखाली बादली सरकवणारा, तोही मीच. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली सरकारी मराठी प्राथमिक शाळा ही. पहिली ते चौथी, खोली एक, मुलं अकरा. एकशिक्षकी शाळा म्हणतात हिला. या शब्दातला ‘एक’ म्हणजे मी, आणि तो एक गेल्या शुक्रवारी म्हापशाला सहकार्य कसं करावं ते शिकायला गेला होता.

जायचं कसं, इथपासून गंमत. अर्ज केला मी, शिफारस केली मी, आणि एक दिवस शाळा बंद राहणार याबद्दल नापसंतीही मीच फाईलवर नोंदवली. पलीकडच्या वाड्यावरच्या बाईंना म्हटलं, माझी अकरा एक दिवस सांभाळा. तर त्यांनाही त्याच कार्यशाळेचा आदेश. शेवटी मुलांना सुट्टी दिली. पोरं इतकी खूश की चौथीतला एकजण विचारतो, “सर, परत कधी ट्रेनिंग?” शिक्षणाविषयी एवढी आस्था मी त्याच्यात पहिल्यांदाच पाहिली.

सकाळी साडेसहाची बस. वाळपई, साखळी, डिचोली, अस्नोडा, म्हापसा. त्यात शुक्रवार, म्हणजे म्हापशाचा बाजार. ही तारीख ज्याने काढली त्याने एकतर म्हापसा पाहिलेलं नाही किंवा त्याला बाजार करायचा होता. सह्या करून अर्धे शिक्षक पिशव्या घेऊन पसार झाले, तेव्हा दुसरी शक्यता मला जास्त पटली. वाटेत एक बाई पानांच्या द्रोणात अळमी, म्हणजे रानातली अळंबी, घेऊन बसली होती. भाव विचारला आणि निमूट पुढे सरकलो. आमच्या गावच्या रोयणीवर, म्हणजे वारुळावर, उगवणारी अळमी आमची पोरं पहाटे उठून काढतात, ती इथे येईपर्यंत सोन्याच्या भावाची होतात. सत्तरीतून म्हापशाला येताना भाव न वाढणारी वस्तू म्हणजे मास्तर.

सभागृहाच्या दारात टेबल, टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपमागे विशीतला पोरगा. गळ्यात निळी पट्टी, चेहऱ्यावर कर्तव्य. गोव्यात आडनावं गावावरून पडतात. हा त्या लॅपटॉपचाच मूळ रहिवासी दिसत होता, म्हणून मनातल्या मनात मी त्याला लॅपटॉपकर म्हणू लागलो.

नाव सांगितलं. शाळा सांगितली. यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळखक्रमांक, सांगितला. त्यात आकडे अकरा, माझी मुलंही अकरा. दरडोई एक.

“सहकारी शिक्षक?” लॅपटॉपकर म्हणाला.

“ना.”

“येवंक नात?”

“न्हय. नातच.”

त्याने पहिल्यांदा मान वर केली. “म्हणजे रजेर?”

“रजेवर जायला आधी असावं लागतं.”

त्याने पडदा माझ्याकडे वळवला. गैरहजेरीची कारणं ओळीने मांडलेली. रजा, आजारपण, निवडणुकीचं काम, इतर. ‘अस्तित्वातच नाही’ असं कारण त्यांत नव्हतं. ‘इतर’ दाबलं की फॉर्म प्रेमाने विचारी, इतर म्हणजे कोण, त्यांचं नाव लिहा.

“मास्तर, हांगा नांव घालना जाल्यार फॉर्म फुडें वचना.”

“मग माझंच घाल.”

त्याने घातलं. लाल अक्षरं उमटली. सहभागी आणि सहकारी या एकच व्यक्ती असू शकत नाहीत. म्हणजे सॉफ्टवेअर पक्कं द्वैती, पर्तगाळी मठाचं होतं. कवळे मठाकडे दिलं असतं तर अद्वैतावर भागलं असतं.

मागे रांग वाढत होती. पेडण्याहून आलेल्या एक बाई ठिबकणारी छत्री माझ्या बुटांवर धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “घाल रे कोणाचें तरी. म्हज्या घोवाचें घाल, तो घरा बसूनच आसा.” लॅपटॉपकराने गंभीरपणे विचारलं, “तांचें डीएड जालां?” नवऱ्याचं डीएड झालेलं नव्हतं. तो प्रस्ताव बारगळला.

मग मी माध्यान्ह आहार आणणाऱ्या स्वयंसहाय्य गटाच्या ताईचं नाव सुचवलं. मला ते पटतही होतं. माझ्याखेरीज शाळेत रोज येणारं मोठं माणूस तेवढं एकच.

“ती शिकयता?”

“भागाकार तीच शिकवते,” मी म्हटलं. “अकरा पोरं आणि पाव बारा असले की बाकीच्या एका पावाचं काय करायचं, हे तिच्याइतकं मलाही समजावता येत नाही.”

लॅपटॉपकर हसला नाही. त्याला दोष देत नाही. त्याच्यामागे कुणीतरी असणार, त्या कुणाच्या मागे आणखी कुणी, आणि सगळ्यांना अकरा वाजेपर्यंत भरलेले रकाने हवे असणार. तो थोडा वेळ नखं खाऊन म्हणाला, “एन. ए. घालतां.” नॉट अ‍ॅप्लिकेबल, म्हणजे लागू नाही.

पण फॉर्मला नाव आणि आडनाव वेगवेगळं हवं. एन हे नाव झालं, ए आडनाव.

“श्री का सौ?”

“श्री घाल. सौ घातलीस तर घरी कळवावं लागेल.”

जन्मतारीख हवी होती. त्याने 1 जानेवारी 2000 टाकली. मोबाईल नंबर माझा दिला, त्यावर ओटीपी आला, मी तो मोठ्याने वाचून दाखवला, आणि त्या क्षणी सत्तरी तालुक्यात एक तरणाबांड शिक्षक जन्माला आला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तिसरी-चौथी त्याच्याकडे सोपवावी, पहिली-दुसरी आपण घ्यावी, असं मनाशी ठरवूनही टाकलं.

टेबलावर दोन फाईली, दोन पेनं मिळाली. जेवणाचं कुपन मात्र एकच.

“आणि एन. ए. सरांचं?”

“ते येवंक नात न्हय? तांकां जेवण कशें दितलों?”

फॉर्मसाठी होता आणि भातासाठी नव्हता. कुपन दिलं नाही म्हणून त्याने यादीत एन. ए.च्या नावापुढे फुली मारली. ती फुली मी डोळ्यांनी पाहिली. आज सकाळी तीच मेमो होऊन आली.

आत गेलो तर खुर्च्यांना जोडीजोडीने नावं चिकटवलेली. माझ्या शेजारची खुर्ची श्री. एन. ए. यांची. कुणीतरी तिच्यावर छत्री वाळत टाकली. मार्गदर्शक बाई चांगल्या होत्या, आवाज खणखणीत, तयारीही भरपूर. पडद्यावर आलं : थिंक, पेअर, शेअर. आधी एकट्याने विचार करा, मग सहकाऱ्याकडे वळा, मग सगळ्यांना सांगा. एकट्याने विचार करण्यात माझा हात कुणी धरणार नाही, चौदा वर्षं तेच करतोय. वळायची वेळ आली तेव्हा वळलो. छत्रीने काही सांगितलं नाही.

“शेजारच्या वर्गात अधूनमधून डोकावत जा,” बाई म्हणाल्या. “तिथले शिक्षक काय वेगळं करतात ते बघा.” माझ्या शेजारचा वर्ग म्हणजे डावीकडचा बाक. पहिलीला ‘क’ गिरवायला लावून डोकावतो ना, रोज. तिथे काहीही वेगळं चाललेलं नसतं. मी अजून पोचलेलो नसतो.

गंमत इथपर्यंतच बरी वाटते. कारण फॉर्म चुकीचा नव्हता, हे मला परतीच्या बसमध्ये सुचलं आणि झोंबलं. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट आहे : पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत शिक्षक दोन. तेव्हा सहकाऱ्याचा रकाना रिकामा न सोडणारं ते सॉफ्टवेअर कायद्याला धरूनच चाललं होतं. बेकायदेशीर होतो तो मी. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात शाळासंकुलं सुचवली, शेजारच्या शाळांनी माणसं नि साधनं वाटून घ्यावीत म्हणून. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तेच पुन्हा सांगितलं, शिवाय प्रत्येक शिक्षकाने वर्षाला 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असंही. देतो की. पण वाटून घ्यायला आधी दोन्हीकडे कुणीतरी हवं ना! पलीकडच्या वाड्यावर बाई एकट्या, इकडे मी एकटा. आम्ही एकमेकांना काय वाटणार, एकटेपण? आणि मी 50 तास बाहेर शिकायला गेलो की तेवढे 50 तास माझ्या पोरांच्या शाळेला कुलूप असतं, ते कुणाच्या विकासात धरायचं? हे प्रश्नोत्तरांच्या वेळी विचारणार होतो. पण प्रश्न जोडीने ठरवून एकाच कागदावर लिहायचे होते.

त्या दिवशी खरं काही शिकलो असेन तर चहाच्या वेळी. त्याच पेडण्याच्या बाई, छत्रीवाल्या. त्यांचीही शाळा एकशिक्षकीच. (त्यांनी रकान्यात कुणाचं नाव घातलं, ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.) वजाबाकीत दशक सुटं करणं माझ्या तिसरीच्या डोक्यात जात नाही म्हणून मी कुरकुरलो, तर त्यांनी बशीतली भजी बाजूला सारली.

“चिंचोके घे. दहा झाले की नारळाच्या करटीत घाल. करटी म्हणजे दशक. आता पंचेचाळीस म्हणजे काय? चार करट्या आणि सुटे पाच. यातले आठ दे म्हणून पोराला सांग. पाच देईल आणि तुझ्या तोंडाकडे बघेल. तू काही बोलू नको. गप्प राहा. थोड्या वेळाने तो आपणच एक करटी उपडी करतो.”

ते ‘गप्प राहा’ त्यांनी इतक्या हळू सांगितलं की मीही गप्प झालो. पुढे त्या गुणाकाराचं काही सांगणार होत्या. करटीच्या जागी बशी उपडी करून सुरुवातही केली होती. तेवढ्यात माईकवरून आवाज आला की सहयोगाचं सत्र सुरू होत आहे, कृपया आपसात बोलणं थांबवून आपापल्या जागी बसावं.

सोमवारी मी अकरा करट्या आणि एक पिशवी चिंचोके घेऊन वर्गात गेलो. पाच देऊन तिसरीतली मुलगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. गप्प राहणं फार कठीण जातं हो, पगार बोलायचा मिळतो. पण तिने करटी उपडी केली.

हे कळवायला पेडण्याच्या बाईंचा नंबर माझ्याकडे नाही. कार्यशाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावं तर तिथे फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येतं.

तर आता खुलासा. दुपारी पोरं पाव-भाजी खात असताना तीन मसुदे केले. पहिल्यात खरं लिहिलं. ते वाचताना मलाच खोटं वाटलं. दुसऱ्यात लिहिलं की श्री. एन. ए. हे शाळेत मंजूर असायला हव्या असलेल्या दुसऱ्या पदावर कार्यरत असून सदर पद भरेपर्यंत ते कुठेच हजर राहू शकत नाहीत. तो बरा जमला होता, पण वरच्यांना विनोद चालत नाही आणि मला बदली परवडत नाही. तिसऱ्यात त्याला ताप आणला. पाऊस आहे, पटेल. ताई भांडी आवरता आवरता डोकावून म्हणाली, “सर, तापाचा दाखला मागतील.”

पाठवायला गेलो तेव्हा मेमोची शेवटची ओळ वाचली. खुलासा दोन प्रतींत द्यायचा आहे. पहिलीवर मुख्याध्यापकांची सही. दुसरीवर संबंधित शिक्षकाची, आणि ती वेगळ्या अक्षरात हवी.