‘समजू शकतो’ म्हणणाऱ्या रसिकास

नमस्कार.

लातूरला पाहिलेल्या ‘अँटिगनी’ या ग्रीक नाटकाच्या मराठी प्रयोगावर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया रात्री साडेअकराला वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो होतो. बायकोने फोन काढून घेतला. म्हणून दोन दिवस उशीर झाला.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. थीब्जच्या राजघराण्यावरच्या तीन नाटकांत ‘अँटिगनी’ ग्रीक नाटककार सोफोक्लीजने शेवटी लिहिलं, असं मी म्हटलं होतं. ते चूक. कथेच्या क्रमात ते शेवटी येतं, पण लिहिलं गेलं सगळ्यांत आधी, इ.स.पू. ४४१ च्या सुमारास. दुरुस्ती केलीय. आभार.

आता तुमचं ते वाक्य, बाकीच्या वाचकांसाठी जसंच्या तसं: “मराठवाड्यात असलं काही बघायला मिळत नाही, त्यामुळे पहारेकऱ्याच्या गावठी विनोदानेही तुम्ही भारावून गेलात, हे मी समजू शकतो.”

नाटक आवडलं नाही म्हणालात, ठीक. माझी समज कमी म्हणाला असतात तरी एक वेळ चाललं असतं. पण हे ‘समजू शकतो’ कशासाठी? दुष्काळी भागाच्या पाहणीला आलेला साहेब गाडीची काच खाली करून म्हणतो, तसं. तुम्हीच लिहिलंय की तुम्ही मूळचे नांदेडचे. मग तर जास्तच लागलं.

नांदेडचे आहात, तर माळेगावची जत्रा मी तुम्हाला सांगायला नको. खंडोबाच्या दर्शनाला म्हणून वडील न्यायचे आणि रात्र तमाशाच्या कनातीत जायची. मी सहा-सात वर्षांचा असेन. सोंगाड्या राजाची टर उडवतो आणि राजाला ती ऐकून घ्यावी लागते, हे मी पहिल्यांदा तिथं पाहिलं. पुढे नांदेडला शिकायला होतो तेव्हा राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं बघितली. कधी कधी बघणाऱ्यांपेक्षा स्टेजवर माणसं जास्त. औरंगाबादला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातल्या पोरांचे प्रयोग जमिनीवर बसून पाहिले. ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था कुठली? दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, नाटककार प्रशांत दळवी मुंबईला गेले ते कुठून? आमच्याकडे चांगली नाट्यगृहं कमी आहेत, हे मी रोज बोंबलून सांगतो. नाट्यगृह नाही म्हणून नाटक नाही, हा हिशोब तुमचा.

आणि तो ‘गावठी विनोद’. रसिक महाशय, मूळ नाटक वाचा असा सल्ला तुम्ही मला दिलाय, म्हणून विचारतो, पहारेकऱ्याचा प्रवेश तुम्ही वाचलाय ना? अँटिगनीच्या भावावर अंत्यसंस्कार करायला राजा क्रेऑनने बंदी घातलेली असते. त्या प्रेतावर कुणीतरी माती टाकली, ही बातमी घेऊन तो क्रेऑनपुढे येतो आणि मुद्द्यावरच येत नाही. मी काही धापा टाकत पळत आलो नाही, वाटेत कितीदा थांबलो, जावं का न जावं म्हणून स्वतःशीच भांडलो, हे सगळं सोफोक्लीजने लिहिलंय. पहारेकरी झालेल्या औशाच्या त्या पोराने केलं काय, तर तेच आपल्या बोलीत म्हटलं: “पळत आलो म्हणून सांगायलो नाही मालक, पायच उचलंना गेले.” पूर्ण प्रेक्षागृह हसलं आणि पुढच्याच मिनिटाला क्रेऑनने फाशीची धमकी दिल्यावर गप्प झालं. अडीच हजार वर्षांपूर्वीची माणसंही तिथं हसली असतील, असं मला तरी वाटतं. तीही काही वातानुकूलित सभागृहात बसलेली नव्हती. डायोनिसस देवाच्या उत्सवात, उघड्यावर, दिवसाउजेडी नाटकं व्हायची, वर नाटककारांची स्पर्धा. म्हणजे आपली जत्राच की! कोरसच्या जागी संबळ आणि पोत घेतलेले गोंधळी आले, ते तुम्हाला ‘ओढूनताणून’ वाटलं. देवाच्या दारात उभं राहून गाणारा, नाचणारा आणि गोष्ट पुढे नेणारा मेळा आपल्याकडे दुसरा कुठला आहे ते सांगा. मी दिग्दर्शकाला कळवतो.

खरं तर इथंच थांबणार होतो. पण तुम्ही विचारलंत, “एका प्रेताच्या अंत्यसंस्कारावरून एवढं रडण्यासारखं काय होतं?”

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीहून येऊन माणसं झोपली होती, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आमचं घर किल्लारीपासून लांब, भिंतीला तडे गेले, एवढंच. आत्या सास्तूरला दिलेली. दगडमातीच्या भिंती, वर माळवद. वडील पोचले तेव्हा पाऊस सुरू होता आणि सामुदायिक चिता पेटवणं चालू होतं. कुठल्या चितेत कोण, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यांना आत्या दिसलीच नाही. तिच्या घराच्या ढिगाऱ्यातली मूठभर माती त्यांनी टॉवेलात बांधून आणली आणि तेराव्या दिवशी तेरणेत सोडली. मी सहावीत होतो, काठावर उभा होतो.

लातूरच्या स्टेजवर अँटिगनी झालेली ती पोरगी दोन्ही हातांनी कोरडी माती उचलते आणि भावावर टाकते. संबळ थांबतं. मातीचा आवाज येतो. एवढंच. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. त्यांनाही तुम्ही समजू शकता का?

हे तुम्हाला खजील करायला लिहीत नाही, असं म्हणणार होतो. पण थोडं त्यासाठीच लिहितोय.

बाकीचे मुद्दे. माइक खरखरत होता, खरंय. सफारीतल्या क्रेऑनच्या हातातला मोबाइल मलाही जरा जास्तच वाटला. तिकीट महाग होतं, तर त्याला मी काय करू? क्रेऑनला सरळ खलनायक करून टाकलं, त्याच्या मुलाचा, हेमॉनचा, बापाशी वाद कापला, त्यामुळे राजाची बाजूच उरली नाही आणि शोकांतिका एकतर्फी झाली, हा तुमचा चौथा परिच्छेद. दिग्दर्शकाचं स्वातंत्र्य म्हणून काही असतं की नाही? त्यावर पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन.

पुढचा प्रयोग परभणीला आहे असं ऐकतोय. आलात तर डाव्या बाजूला बसा, खरखरणारा स्पीकर उजवीकडचा होता. आणि पुढच्या वेळी ‘एक रसिक’ असं न लिहिता स्वतःच्या नावाने लिहा.