घरचा खेळाडू, सेंटर कोर्ट आणि रात्री अकराची वेळ

विम्बल्डन सुरू झालं की कोकणातल्या टेनिसवेड्या मंडळींच्या गप्पांत एक वाक्य ठरलेलं: "घरच्या पोरांना काय, आयतं ताट वाढून मिळतं." हे कुठून येतं ते समजतं. गावोगावच्या टेनिस-बॉल क्रिकेट स्पर्धांत यजमान संघाला पहिल्या फेरीत बाय (न खेळता पुढची फेरी) मिळते, पाहुण्यांच्या मॅच भर दुपारच्या उन्हात उरकतात आणि घरच्या संघाची मॅच नेमकी गर्दी जमल्यावर लागते. त्याच नजरेनं आपण लंडनकडे बघतो. पण तिथलं पक्षपाताचं गणित वेगळं आहे, आणि आपण चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतो असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी ड्रॉ, म्हणजे कोणाची मॅच कोणाशी हे ठरवणारा तक्ता. १२८ खेळाडू, त्यात ३२ मानांकित, म्हणजे क्रमवारीनुसार आधीच क्रमांक दिलेले. पहिला सगळ्यात वर, दुसरा सगळ्यात खाली, तिसरा-चौथा कुठल्या अर्ध्यात जाणार ते सोडतीनं ठरतं. बिगरमानांकितांना तर कोण वाट्याला येईल याचा काहीच नेम नाही. यात यजमानाचा हात पोचत नाही. २०२५ साली ब्रिटनचा जॅक ड्रेपर चौथा मानांकित होता. दुसऱ्याच फेरीत त्याच्यासमोर २०१७चा उपविजेता मारिन चिलिच आला आणि चार सेटमध्ये ड्रेपरचा खेळ आटोपला. घरच्यांसाठी ड्रॉ लावायचाच असता, तर असा कोणी लावला असता का?

वाइल्ड कार्डचं, म्हणजे क्रमवारी पुरत नसताना यजमानांनी दिलेल्या थेट प्रवेशाचं म्हणाल तर ते उघडच आहे. एकेरीची आठ असतात आणि बहुतेक ब्रिटिशांनाच जातात. पहिल्या फेरीत हरलं तरी २०२५ला ६६ हजार पौंड होते, म्हणजे पाऊण कोटी रुपयांच्या आसपास. क्रमवारीत शंभराच्या पलीकडे असलेल्या पोराचा वर्षभराचा कोच, प्रवास, फिजिओ त्यातून निघतो. हा फायदा खरा आहे, पण मेलबर्न आणि पॅरिसही हेच करतात. आपणही डेव्हिस कपला, म्हणजे देशांच्या संघांच्या टेनिस स्पर्धेला, यजमान असलो की गवत निवडतो. २०२२ला दिल्ली जिमखान्याच्या गवतावर डेन्मार्कला ४-० हरवलं. २०१९ला कोलकात्याच्या साउथ क्लबवर इटलीनं मात्र आपल्याला ३-१ हरवलं. गवत आपलं असलं म्हणून सामना आपला होत नाही. ब्रिटिश पोरंही काही गवतावर लहानाची मोठी होत नाहीत. अँडी मरे पंधराव्या वर्षी शिकायला गेला तो बार्सिलोनाला, लाल मातीवर.

मग घरच्या खेळाडूला मिळतं काय? छप्पर. माझ्या मते सगळा वाद इथे आणून ठेवायला हवा.

स्पर्धेच्या अठरा कोर्टांपैकी छप्पर फक्त दोनांवर आहे: सेंटर कोर्टवर (मुख्य कोर्ट) २००९ पासून आणि एक नंबर कोर्टवर २०१९ पासून. नावाजलेला ब्रिटिश खेळाडू पहिल्या आठवड्यात बहुतेक वेळा याच दोन कोर्टांवर खेळतो. लंडनचा पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही. तिथे वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पडतो, आपल्याकडे तेवढा जुलैच्या पंधरा-वीस दिवसांत होतो. पण तिथल्या कोर्टावरचं रायग्रास ८ मिलिमीटरवर कापलेलं असतं आणि नुसती भुरभुर आली तरी पाय ठरत नाही. पाच मिनिटांच्या झिमझिमीत ताडपत्री ओढली जाते. मग थांबणं, सुकवणं, पुन्हा वॉर्म-अप.

आता बारा किंवा सोळा नंबर कोर्टवरच्या परदेशी खेळाडूचा विचार करा. सोमवारी दुसऱ्या सेटमध्ये ४-४ असताना सर आली आणि दिवस तिथेच संपला. मंगळवारी सकाळी अकराला पुन्हा उभं राहायचं, आणि ऊन आलं तरी मधल्या थांब्यानं लय गेलेली. तो जिंकला तर दुसरी फेरी बुधवारी किंवा गुरुवारी, आणि पाऊस पुन्हा आला तर तिसरीआधी विश्रांतीचा दिवस उरेलच असं नाही. त्याच सोमवारी छपराखाली खेळलेला माणूस तीन तासांत मोकळा होऊन मंगळवारभर पाय वर करून बसलेला असतो. हे दोघे तिसऱ्या फेरीत भेटले, तर स्कोअरबोर्डवर ०-० दिसेल, पण पायांत ०-० नसतं. पाच सेटच्या टेनिसमध्ये विश्रांतीचा एक दिवस म्हणजे काय, ते खेळलेल्यालाच कळतं.

पण त्याच छपराची दुसरी बाजू घरच्या खेळाडूच्याच मुळावर येते, आणि ती फारशी कोणी बोलत नाही.

सेंटर कोर्टचा खेळ दुपारी दीडला सुरू होतो, म्हणजे आपले संध्याकाळचे सहा. स्थानिक मर्टन कौन्सिलच्या अटीमुळे रात्री अकराला, आपल्या पहाटे साडेतीनला, खेळ बंद. हातात साडेनऊ तास. त्यात बहुधा पुरुषांच्या दोन मॅच आणि महिलांची एक. पुरुषांच्या प्रत्येकी साडेतीन तासांच्या धरल्या तर सात, महिलांची पावणेदोन, आणि मॅचच्या मधे कोर्ट आवरायला, खेळाडू यायला वीस-वीस मिनिटं. झाले जवळजवळ साडेनऊ तास. म्हणजे एकही मॅच लांबायला जागाच नाही. वर अंधारलं की छप्पर लावायला आठ-दहा मिनिटं आणि आतली हवा कोरडी करायला अर्ध्या तासापर्यंत. तिसरी मॅच अकराच्या आत संपेल ही आशा कागदावरच फसलेली असते.

आणि तिसरी मॅच बऱ्याचदा कुणाची असते? लोक कामावरून घरी येऊन टीव्ही लावतात तेव्हा ज्याला बघायचं असतं त्याची. घरच्याची. २०१२ला मरे-बगदातिस मॅच अकरा वाजून दोन मिनिटांनी संपली, निभावली. २०२३ला मरे सित्सिपासविरुद्ध दोन सेट विरुद्ध एक असा पुढे होता, खेळ त्याच्या हातात होता, आणि साडेदहानंतर सामना थांबवला. दुसऱ्या दिवशी पाचव्या सेटमध्ये तो हरला. रात्री झोपताना पुढे असलेला माणूस सकाळी तोच माणूस नसतो. त्याच वर्षी जोकोविचलाही चौथ्या फेरीत रात्री असंच थांबवलं, आणि त्यानं उघड सांगितलं की खेळ निदान बाराला सुरू करा.

ओलाव्याचंही बोलायला हवं. चार दिवस दारं-खिडक्या लावून ठेवलेल्या घरात जुलैत जो दमटपणा साठतो, तसाच छप्पर लावल्यावर तिथे साठतो. हजारो प्रेक्षकांचा श्वास आणि गवताच्या पात्यातून निघणारी वाफ, दोन्ही आतच. यंत्रणा ती खेचून काढते, पण पहिल्या दोन दिवसांत गवत कोवळं, रसरशीत असतं. बेसलाइनमागचा पट्टा अजून घासून माती दिसेपर्यंत झिजलेला नसतो. अशा वेळी दिशा बदलताना पाय सटकतो. ओल्या जांभ्याच्या पायरीवर ज्याचा पाय गेला आहे त्याला हे वेगळं समजवायला नको. २९ जून २०२१ला, छपराखालच्या सेंटर कोर्टवर आधी मानारिनो घसरला, नंतर सेरेना विल्यम्स. दोघांनाही सामना सोडावा लागला. छप्पर बराच वेळ बंद राहिल्यानं गवतावर जादा ओलावा येतो, हे स्पर्धा भरवणाऱ्या क्लबनं स्वतः मान्य केलं.

छप्पर नसतानाचा घाव तर घरच्यांना पक्का आठवतो. २००१च्या सेमीफायनलमध्ये टिम हेनमननं तिसरा सेट ६-० घेतला होता, चौथ्यातही पुढे होता, आणि शुक्रवारी पाऊस आला. शनिवारी थोडा खेळ, रविवारी शेवट. गोरान इव्हानिसेव्हिच जिंकला. क्रमवारीत १२५वा, आणि त्याला आत घेणारं वाइल्ड कार्ड यजमानांनीच दिलेलं!

पक्षपाताचा वास येतो असे प्रसंगही आहेत, ते झाकून ठेवायचे नाहीत. २०२५ला लाइनवर माणसं न ठेवता सगळं यंत्रावर सोपवलं. चौथ्या फेरीत ब्रिटनच्या सोनाय कार्तलविरुद्ध पाव्हल्युचेन्कोवा पहिल्या सेटमध्ये ४-४ला गेम पॉइंटवर होती. कार्तलचा चेंडू स्पष्ट बाहेर पडला आणि यंत्र गप्प. चालवणाऱ्याच्या चुकीनं कोर्टच्या त्या बाजूचं यंत्र बंद झालं होतं. पंचांनी पॉइंट पुन्हा खेळवला, पाव्हल्युचेन्कोवानं तो आणि गेमही गमावला. कार्तल स्थानिक आहे म्हणून असं झालं, असं पाव्हल्युचेन्कोवा तिथेच बोलली. तिनं मॅच ७-६, ६-४ जिंकली म्हणून तिचा राग खोटा ठरत नाही. माझ्या मते ती चूक होती, कट नव्हता. पण डोळ्यांना दिसलेला चेंडू बाहेर देण्याचा अधिकार पंचाला त्या क्षणी वापरता यायलाच हवा होता.

माझं म्हणणं एवढंच: सेंटर कोर्ट बाराला सुरू करा. दीड तास वाढला की तिसऱ्या मॅचला नैसर्गिक उजेडात जास्त वेळ मिळतो, छप्पर उशिरा लागतं, अकराची तलवार हटते. दुपारच्या जेवणावळी आणि संध्याकाळचा टीव्ही यांना ते रुचणार नाही, नाही रुचलं तर नको. आणि पावसानं अर्धवट राहिलेल्या बाहेरच्या मॅचना दुसऱ्या दिवशी छपराच्या कोर्टवर सकाळी जागा द्या. बाराच्या आत ती कोर्टं रिकामीच असतात. त्यात घरचा-परका बघायची गरज नाही.

पुढच्या वेळी वाद घालण्याआधी आदल्या संध्याकाळी लागणारी ऑर्डर ऑफ प्ले (दिवसाच्या मॅचचं वेळापत्रक) उघडा. कोण कुठल्या कोर्टवर, कितव्या मॅचला, मागची फेरी किती वाजता संपली आणि मधे पूर्ण दिवस मिळाला की नाही, एवढं वहीत लिहा. पहिला आठवडा झाला की नावांपुढचे आकडे बघा.