फोनवर ढग दिसले की पेरून मोकळं व्हा

मृग लागला की आधी फोन चार्ज करून ठेवा. आभाळाकडं बघू नका, मान अवघडते. परभणीचं कृषी विद्यापीठ दरसाल सांगतं, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याबिगर पेरू नका. सांगू द्या. त्यांच्या पत्रकात ना वीज कडाडते, ना लाल बाण फिरतात.

ग्रुपवर आलेल्या पावसाच्या व्हिडिओची तारीख बघायची नाही. मागच्या साली पडलेला असला तरी तो पाऊसच की!

'जायकवाडीचे सगळे दरवाजे उघडले' असा व्हिडिओ आला तर दरवाजे मोजू नका. 27 भरले नाहीत तर उगं मन खट्टू होतं.

आणि हवामान खात्याचं मूळ पत्रक तर उघडूच नका. लई रटाळ. त्यात 'तुरळक ठिकाणी मुसळधार' असलं लिहितात. आमच्या दाजींनी पाठवलेल्या व्हिडिओत 'तुरळक ठिकाणी' एवढंच गाळलं होतं, बाकी सगळं खरं! खात्याच्या भाषेत तुरळक म्हणजे पाऊस मोजायच्या फार तर चारातल्या एका केंद्रावर. ते एक आमचं नव्हतं. रानात बोटभर ओल, वापशाचा, म्हणजे पेरणीजोगत्या ओलीचा, पत्ता नाही, पण 'उद्यापासून तीन दिवस अख्खा मराठवाडा धुऊन निघणार' म्हणल्यावर भावानं तीन एकर सोयाबीन पेरलं. अकरा दिवस टिपूस नाही. तास उकरून बघितलं तर बी फुगलेलं आणि मोड वाळून काळा पडलेला. मोंढ्यातून उधारीवर पुन्हा बॅगा, पुन्हा ट्रॅक्टरचं भाडं. त्याच दिवशी त्या व्हिडिओवाल्याचा नवा व्हिडिओ: 'आमचा अंदाज तंतोतंत खरा!' पडला असंल कुठंतरी.

दाजींना विचारलं तर म्हणाले, "मी कुठं म्हणलो पेरा? आलं तसं पाठवलं."

आलं तसं! पोस्टमन आहात का तुम्ही? अहो, पाठवायला तुमचं एक बोट लागतं, इथं एकरी 30 किलो बी मातीत जातं. व्हिडिओ कधीचा, कुणाचा, खात्याच्या पत्रकात आपल्या जिल्ह्यापुढं काय लिहिलंय, एवढं बघायला दोन मिनिटं नाहीत? नसतील तर गुड मॉर्निंगची फुलं पाठवा, देवाचे फोटो पाठवा. पेरणीच्या दिवसांत आमच्या ग्रुपवर पाऊस पाडू नका. नाहीतर पाडाच, आणि खाली लिहा, दुबार पेरणीच्या बॅगा दाजींकडून.