महिन्याला किती घेतेस?

रविवारी सकाळी एका गृहस्थांनी मला माझ्याच अंगणात माळीकामाची नोकरी देऊ केली. पगार बाराशे रुपये म्हणत होते. मी पंधराशेवर आणला.

माझा अवतार आधी सांगते, नाहीतर त्यांच्यावर अन्याय व्हायचा. आणि तो मला पुढे सावकाश करायचा आहे. गाऊनवर ह्यांचा इस्त्रीनं भोक पडलेला शर्ट, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पायांत दोन वेगळ्या जोडांतल्या स्लिपर आणि कोपरापर्यंत शेणखत. पाण्याचा दिवस होता. आमच्या जुळे सोलापुरात पाण्याचा दिवस हा वेगळा वार असतो. उजनी धरणातून शंभर किलोमीटर चालत आलेलं पाणी चार-पाच दिवसांनी नळाला लागतं, ते पहाटे येईल की रात्री हे नळालाच ठाऊक. उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये’ अशी बातमी ह्यांनी मोठ्यानं वाचली की मी मोगऱ्याकडे बघते आणि मोगरा माझ्याकडे. त्या दिवशी बाई कशी दिसते हे विचारायचं नसतं. सगळ्याच तशा दिसतात.

गृहस्थ साठीचे, पांढरे बूट घातलेले, हातात दुधाची पिशवी. मागच्या गल्लीत त्यांच्या बंगल्याचं काम चालू आहे. फाटकाशी उभं राहून म्हणाले,

“ए मावशी, मालक हायत का घरात?”

मला वाटलं, ह्यांच्याकडे काम असेल. “आंघोळीला गेलेत.”

“असू दे, असू दे. तुझ्याकडंच काम आहे. लई दिवस बघूलालो मी. ही बाग तूच बघतेस ना?”

“मीच.”

“सगळी?”

“सगळी.”

यावर त्यांनी फाटक उघडलं, आत आले आणि तपासणी सुरू केली. मोगऱ्याची कळी खुडली, हुंगली, शर्टाच्या खिशात ठेवली. जास्वंदीचं पान उलटं करून म्हणाले, “हे पांढरं काय?”

“पिठ्या ढेकूण. निंबोळी तेल मारते.”

“तेल मालक देतात का तुलाच आणावं लागतं?”

“मीच आणते.”

“अरेरे,” म्हणाले. खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. तेवढ्यापुरते मला ते आवडलेसुद्धा.

मग गुलाब. “पिवळा पडलाय. पाणी कमी घालतेस.” इथं मला राहवलं नाही. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोह मिळत नाही. आपली जमीन चुनखडीची, जमिनीत लोह असलं तरी मुळांना ते घेता येत नाही, पाणी वाढवलं तर उलट आणखी बिघडेल, असं मी हातातल्या खुरप्यानं दाखवत सांगितलं.

“शिकलेली दिसतेस.”

“एम.एस्सी. झालंय. केमिस्ट्री.”

ते खो खो हसले. “विनोदी पण आहेस!”

कढीपत्त्याच्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या होत्या. त्या अळ्या मुद्दाम ठेवल्यात, त्यांची फुलपाखरं होतात, हे मी सांगितलं. थोडा विचार करून त्यांनी विचारलं, “फुलपाखराचा झाडाला फायदा काय?” याला उत्तर आहे, पण इतक्या सकाळी मला ते सुचलं नाही. अजूनही थोडं टोचतंय.

डाळिंबाखाली लाल फुलांचा सडा पडला होता. डाळिंबाची नर फुलं गळतातच, फळ धरतं ते दुसऱ्या फुलांना. पण डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र 2005 पासून ज्या शहरात आहे, ज्याच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, त्या शहरात माझ्या झाडाला एकही फळ नसावं, हे माझं जुनं दुखणं. त्यावर ते अगदी मोठ्या मनानं म्हणाले, “फुलं गळली तर मी पैसे कापणार नाही.”

आणि मग आलं ते.

“महिन्याला किती घेतेस?”

आता खरं सांगून टाकायला हवं होतं, असं आमच्या मुलीचं मत. पण माझं काय झालं, ते सांगते. या जागेपायी मी जे केलंय त्याची किंमत आजवर कुणी विचारलीच नव्हती. घर घेतलं तेव्हा पुढच्या 12 बाय 18 फुटांत नुसता मुरूम होता. तो बिल्डरचा दुष्टपणा नव्हे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि वरच्या घराला तडे घालते, म्हणून ती काढून मुरूम भरतात. घराला जे मानवतं ते झाडाला मानवत नाही. वर विटांचे तुकडे, जाळ्या, आणि सिमेंटचं एक पोतं, जसंच्या तसं दगड झालेलं. पहार मारली की ठिणगी उडायची. एक ब्रास काळी माती मागवली, ती फाटकाबाहेर उतरली. आत घमेल्यानं मी नेली. पहिल्या उन्हाळ्यात त्या मातीला अशा भेगा पडल्या की त्यात माझं खुरपं गेलं, ते अजून आतच आहे. मग वाळू, शेणखत, कॉलनीतला पाचोळा. चटणीसाठी शेंगा फोडल्या की टरफलं माझ्याकडे, असं मी शेजारणींना सांगून ठेवलं. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत ओल धरून ठेवायला टरफलांच्या थराइतकं स्वस्त काही नाही. आमच्याकडे पाऊस खरा पडतो तो सप्टेंबरात. तशा एका सप्टेंबरात मातीत गांडूळ दिसलं. विकत आणलेलं नव्हे, आपणहून राहायला आलेलं. मी इतक्या जोरात हाक मारली की हे साप समजून काठी घेऊन धावले. गांडूळ बघून म्हणाले, “एवढंच?”

तर अशा बाईला कुणी ‘किती घेतेस’ विचारलं, तर तिला आकडा ऐकावासा वाटणारच.

“दोन हजार,” मी म्हटलं.

“दोन हजारांत गडी येतो!”

“मग गडी ठेवा.”

“बाई म्हणून तर तुला विचारलं. बाया कमी घेतात.”

म्हशीच्या दुधाला साय जास्त येते, तितक्या सहज म्हणाले. त्यांचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही. शिवारात जाऊन बघा: खुरपायला, वेचायला, काढणीला बाया, आणि दिवस मावळताना हातावर पैसे पडतात ते गड्यापेक्षा कमी. ऊन दोघांना सारखंच लागतं. मी हे त्यांना ऐकवायला तोंड उघडलं, तर त्यांना वाटलं मी आकडा उतरवते आहे. घाईनं म्हणाले, “बरं, तेराशे.” मी गप्प. “चौदाशे.” मी टरफलं पसरत राहिले. पंधराशेवर सौदा ठरला. वर चहा. रविवारच्या सुट्टीचा विषय मी काढणार, तेवढ्यात हे कमरेला टॉवेल गुंडाळून दारात आले आणि ओरडले, “अगं, मोटर! टाकी वाहायलीय!”

“नमस्कार साहेब,” गृहस्थ म्हणाले. “तुमच्या बाईला आमच्याकडं पाठवता का? रोज अर्धा तास.”

ह्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि कानात साबण होता. म्हणाले, “तिलाच विचारा. माझं ऐकत नाही ती.”

“कुणीच ऐकंना झाल्यात हो हल्ली. आमच्याकडची तर न सांगता खाडे करते.”

“ही खाडे नाही करत,” हे म्हणाले. “पण बोलते फार.”

हे संभाषण असंच दुपारपर्यंत चाललं असतं. मोटर बंद करून मी परत आले आणि म्हटलं, “अहो, हे मला कामाला ठेवतायत.” ह्यांनी आत जाऊन चष्मा आणला, मला नीट बघितलं, त्यांना नीट बघितलं आणि म्हणाले, “ही माझी बायको आहे.”

मला वाटलं, आता माणूस जमिनीत जाईल. जमीनही भुसभुशीत होती, मीच केलेली. पण नाही. चेहरा उजळला त्यांचा.

“अहो वहिनी! तुम्ही स्वतः करता का हे सगळं? मग तर प्रश्नच मिटला. पैशाचं काय घेऊन बसलात, शेजारधर्म आहे! या की उद्यापासून.”

म्हणजे मावशी होते तोवर पंधराशे, वहिनी झाले आणि फुकट. ‘तू’ची ‘तुम्ही’ झाले त्याचा खर्च माझ्याच पगारातून वळता झाला. आणि हे फक्त त्यांचंच, असं कसं म्हणू? याच गावात संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेला, लाखो लोक अक्षता टाकतात, त्या सिद्धेश्वरांच्या मठाचं अंगण झाडून रोज रांगोळी काढणाऱ्या कुंभारकन्येच्या लग्नाच्या. तिनं कधी काही मागितलं नाही. मागितलं ते सिद्धेश्वरांशी लग्न, आणि लागलं ते त्यांच्या योगदंडाशी. भक्तीची गोष्ट आहे, मी दरवर्षी जाते, डोळ्यांत पाणीही येतं. पण आता झाडू हातात घेतला की मनात येतं, एवढ्या वर्षांत तिच्या झाडलोटीचा हिशेब कुणी मांडला नाही.

जाताना गृहस्थांनी कढीपत्त्याची एक फांदी तोडून घेतली, अळीसकट. फाटक उघडं टाकून गेले. हे आत येऊन चहा पिताना म्हणाले, “पंधराशे म्हणजे जेवण धरून की जेवणाशिवाय?” त्यांना त्या दिवशी चहा दुसऱ्यांदा मिळाला नाही.

मंगळवारी गृहस्थांचा ड्रायव्हर सहा रिकाम्या कुंड्या घेऊन आला. “वहिनीसाहेब माती भरून आन् मोगरा लावून देणारेत, असं साहेब म्हणाले.” मी त्याच्याबरोबर कागद पाठवला: माती, खत, रोप, मजुरी, प्रत्येकाचा दर वेगळा, बेरीज खाली. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. कुंड्या मात्र फाटकाशीच आहेत. त्यांतल्या दोन चांगल्या जाड चिनी मातीच्या आहेत, त्यांत मी पुदिना लावला. परत मागायला आले तर पुदिन्याचे वेगळे लावणार आहे.