श्रीपेरुम्बुदूर : ‘काँग्रेसचं कुणीच मेलं नाही’ हा दावा मृतांच्या यादीपुढे टिकत नाही

मे महिना आला की एक मजकूर हमखास मोबाइलवर येतो. कधी तो ‘त्या सभेत राबलेल्या जुन्या कार्यकर्त्याची आठवण’ म्हणून येतो, कधी निनावी. सार एकच : २१ मे १९९१ च्या रात्री तमिळनाडूतल्या श्रीपेरुम्बुदूरच्या प्रचारसभेत झालेल्या स्फोटात राजीव गांधींबरोबर पोलीस आणि बघे मेले, पक्षाचं कुणीच नाही; बडे नेते ऐनवेळी बाजूला झाले; सुरक्षा आधीच काढली होती; सभाही अचानक ठरली. म्हणजे पक्षातल्यांनाच सगळं ठाऊक होतं.

पहिला दावा सरळ खोटा आहे. मृतांत महिला काँग्रेसच्या नेत्या संथानी बेगम आहेत, विधान परिषदेचे माजी सदस्य मुनुस्वामी आहेत. राजीवना कविता ऐकवायला मुलीला घेऊन आलेली पक्षाची एक कार्यकर्ती आहे आणि ती मुलगीही आहे. पोलीस अधीक्षक इक्बाल आणि राजीव यांचे अंगरक्षक पी. के. गुप्ता हेही गेले.

‘नेते बाजूला झाले’ याला मात्र थोडा वेळ द्यावा लागेल, कारण त्यात अर्धं सत्य आहे. काँग्रेसचे नेते मूपनार, जयंती नटराजन, प्रदेशाध्यक्ष वाळप्पाडी राममूर्ती मैदानावर होते आणि वाचले. पण प्रचारसभेत दिल्लीचा पाहुणा गाडीतून उतरला की प्रदेशाचे नेते त्याला खेटून चालत नाहीत. ते मागे राहतात किंवा मंचाकडे जातात. पुढची जागा हार घालणाऱ्यांची, म्हणजे गावातल्या पदाधिकाऱ्यांची आणि हौशी मंडळींची. आत्मघाती हल्लेखोर धनू तिथेच उभी होती. चंदनाचा हार घालून ती पाया पडायला वाकली आणि स्फोट झाला. तिच्या कमरेच्या पट्ट्यात आरडीएक्स हे स्फोटक आणि हजारो बारीक पोलादी छर्रे होते. अशा स्फोटाचा दाब अंतराबरोबर झपाट्याने उतरतो आणि छर्रे पहिल्या फळीतल्या शरीरांत अडकतात. म्हणून लगत उभे असलेले मरतात आणि काही पावलं मागे, माणसांच्या आड असलेले वाचतात. राजीवबरोबर गाडीतून आलेल्या बार्बरा क्रॉसेट आणि नीना गोपाल या दोन पत्रकारही मागेच होत्या आणि त्याही वाचल्या. त्यांनाही कटात घ्यायचं का?

कोण कुठे उभं होतं हे ठरवायला आठवणींवर विसंबावं लागत नाही. कटवाल्यांनीच आणलेला छायाचित्रकार हरिबाबू स्फोटात मेला, पण त्याचा कॅमेरा शाबूत सापडला. हार घेऊन उभी असलेली धनू आणि पत्रकार म्हणून वावरणारा, पांढऱ्या कुडत्यातला कटाचा सूत्रधार शिवरासन त्याच रोलमधून तपासयंत्रणेच्या हाती लागले.

सुरक्षेचं म्हणाल तर १९८८ चा एसपीजी (विशेष सुरक्षा दल) कायदा पंतप्रधान आणि त्यांच्या कुटुंबापुरता होता. राजीव डिसेंबर १९८९ मध्ये पायउतार झाले, त्यानंतर व्ही. पी. सिंह सरकारच्या काळात ते कवच गेलं. ते काँग्रेसने काढलं नाही. माजी पंतप्रधानांना ते मिळालं ते हत्येनंतरच्या दुरुस्तीने.

सभा शेवटच्या दिवसांत ठरली, हे खरं. मरगदम चंद्रशेखर तिथल्या उमेदवार होत्या. पण विशाखापट्टणमला विमान बिघडलं आणि दौरा जवळजवळ रद्दच होत होता. तो बिघाड कुणाच्या नियोजनात बसत नाही. उलट मारेकऱ्यांची रंगीत तालीम ७ मे रोजी मद्रासला व्ही. पी. सिंह यांच्या सभेत झाली होती; म्हणजे सराव हाराच्या रांगेचा होता, श्रीपेरुम्बुदूरचा नव्हे.

चूक पक्षाकडून झालीच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. हार घालणाऱ्यांची यादी आयोजकांनी करायची, पोलिसांना द्यायची, पोलिसांनी नाव विचारून आणि झडती घेऊन रांगेत सोडायचं, अशी रीत. पाहुणा उशिरा, रात्री दहानंतर पोचला की ती मोडते : रांगा विस्कटतात, यादीवाला स्वागतात गुंततो, ‘आमच्यातल्याच आहेत’ एवढ्यावर माणसं आत येतात. धनूचं नाव यादीत नव्हतं. उपनिरीक्षक अनसूया यांनी तिला मागे ढकललं होतं. त्यांच्या सांगण्यानुसार राजीव यांनीच ‘सगळ्यांना पाळी मिळू दे’ म्हणून त्यांना थांबवलं. १९८९ च्या पराभवानंतर ते मुद्दाम गर्दीत मिसळत होते. सुरक्षेतल्या त्रुटी तपासणाऱ्या न्या. वर्मा आयोगाने पोलीस आणि गुप्तचर यंत्रणांबरोबर स्थानिक काँग्रेसवाल्यांवरही ठपका ठेवला.

पण बेशिस्त आणि कट यांत फरक असतो. विशेष न्यायालयाने १९९८ मध्ये २६ जणांना फाशी सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने मे १९९९ मध्ये चौघांची फाशी आणि तिघांची जन्मठेप ठेवून १९ जणांना सोडलं. कट एलटीटीई या श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोर संघटनेचा, हे मात्र तिथेही कायम राहिलं.